ढगावरचे खळे

श्रावण वद्य ५, शके १७८६. वलगाव

आज पाटील हसले.

त्यांच्या वावराची छबी त्यांच्या हातात दिली होती. कापसाची पऱ्हाटी आली होती. बांधावरची बाभूळ काट्यांसकट आली होती. बैल आले होते, शेपट्या तेवढ्या आल्या नव्हत्या, कारण बैल शेपटी स्थिर ठेवत नाही. खुशालराव पाटलांनी कागद उजेडाकडे धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"मास्तर, आभाय कुठं गेलं?"

वर कोरा पांढरा कागद होता. काल त्या वावरावर ढगांचे डोंगर उभे होते. मी सांगितले की जमीन काचेवर उमटेपर्यंत आभाळ जळून जाते. काचेचा तो स्वभाव आहे. मुंबईलाही असेच येते, विलायतेतही असेच येते.

ते म्हणाले, "दसऱ्याले पाव्हणे येतीन. त्यायले सांगू काय, पाटलाच्या वावरावर आभाय नाई म्हणून?"

गडी हसले. मीही हसलो. मग त्यांनी हसणे थांबवून सांगितले की दसऱ्यापर्यंत आभाळ असलेली छबी दिली तर पेटी माझ्याकडे राहील. नाही तर अचलपूरच्या छावणीतल्या साहेबाने ती मागितली आहे.

अमेरिकेत लोक आपसात लढत आहेत, म्हणून वलगावच्या कापसाला सोन्याची कळा आली आणि पाटलाकडे छबीची पेटी आली. ती चालवणारा आख्ख्या वऱ्हाडात माझ्या जातीचा मी एकटा. अकोल्याच्या जुन्या शहरातल्या शाळेत मी मुलांना अक्षरे शिकवीत होतो. आता मी उजेडाला अक्षर शिकवतो. पेटी गेली की पुन्हा शाळा.

ही वही त्यासाठी. काय केले ते रोज लिहायचे.


श्रावण वद्य ७

पाटलांच्या आई माणिकबाई यांची छबी काढायची होती. त्या बसल्या नाहीत. आत गेल्या आणि दाराआडून, मला ऐकू येईल असे म्हणाल्या, "डोक्यावर कापड घेऊन बायायकडं पायतो, तो कसला मास्तर."

कापड उजेड अडवण्यासाठी असते, हे मी दाराला समजावून सांगितले. दार उघडले नाही.


श्रावण वद्य १२

ठरवले. चिखलदऱ्याला जायचे. तिथे ढग आभाळात राहत नाहीत, खाली दरीत उतरतात. जमीन आणि आभाळ एकाच उंचीला सापडतील. पोळ्यानंतर पाटील गाडी देतील.

माझी बायको सुभद्रा म्हणाली, मी येते. स्वयंपाकाला कोणी हवेच. घेऊन जाईन.


भाद्रपद शुद्ध ६. चिखलदरा

चार दिवस गाडी, मग घाटात सामान माणसांच्या डोक्यावर. काच एकही फुटली नाही. काचांची पेटी सुभद्राने कोणाला दिली नाही, स्वतः उचलली. बायकांना असली लहान कामे जमतात.

नत्थुजी गवळ्याच्या गोठ्यात जागा मिळाली. साठीचा माणूस. गाविलगडाच्या पडक्या तटावर त्याच्या म्हशी चरतात. मी काय करायला आलो ते त्याने दोनदा विचारून घेतले.

"साहेब लोक इथं हवा खायले येतात," तो म्हणाला. "तुमी धूर पकडून न्यायले आले."

त्याला कलेची माहिती नाही. रागावलो नाही.


भाद्रपद शुद्ध ९

सात काचा, सातही वाया.

पुन्हा न विसरण्यासाठी लिहून ठेवतो. काचेच्या मधोमध कलोडियन ओतायचे. ते मधासारखे जाड, वासाने डोके फिरते. काच चारही कोपऱ्यांकडे कलंडवायची, उरलेले बाटलीत परत. मग काळ्या राहुटीत चांदीच्या पाण्यात बुडवायची. ओली असतानाच पेटीत घालून झाकण काढायचे, मोजायचे, झाकण लावायचे. लगेच हिराकशीच्या पाण्याने धुतली की छबी वर येते. काच वाळली की सगळे संपले.

इथल्या दमट हवेत कलोडियन रेघोट्या धरते. माझा हात चांगला आहे, हवा वाईट आहे.

सुभद्रा राहुटीच्या दाराशी पाहत होती. म्हणाली, "सालपापडीचं पीठ असंच असते. वरून ओतलं तं लाटा येतात. जवयून सोडा लागते."

मी तिला सांगितले की हे विलायती द्रव्य आहे, तांदळाचे पीठ नव्हे.


भाद्रपद शुद्ध ११

अंगात कणकण. हात कापत होता म्हणून आज काच सुभद्राला धरायला दिली. तिने बाटलीचे तोंड काचेला जवळजवळ टेकवून ओतले. चारही कोपरे भरले, एक थेंब बाहेर गेला नाही. काचेवर काही आहे की नाही हे तिरपे धरूनच कळत होते.

छबी स्वच्छ आली. आभाळ मात्र पांढरेच.

आज हवा बरी असावी.


भाद्रपद शुद्ध १४

बरा आहे. तरी ओतण्याचे काम तिच्याकडेच ठेवले आहे, म्हणजे मला मुख्य गोष्टींचा विचार करता येतो.

जेवताना ती म्हणाली, सालपापडी वाफेवर जास्त ठेवली की चिरते, मग ती काही केल्या पानावरून उचलत नाही. ढग पातळ आहे, त्याला एवढा चटका कशाला? मी तेव्हा लक्ष दिले नाही.


भाद्रपद पौर्णिमा

आज मला एक युक्ती सुचली. मी वीस मोजत होतो. ढगाला तीनच मोजायचे.

तीन मोजून झाकण लावले. राहुटीत हिराकशीचे पाणी काचेवरून फिरले आणि ढग आले. आधी काठ, मग पोट, मग खालची सावली. त्यांच्या मागे मेळघाटाची एकामागून एक रांग, शेवटची इतकी फिकट की डोळ्यालाही दिसली नव्हती. बाहेर येऊन नत्थुजीला काच दाखवली. काळ्या घोंगडीवर धरली की सुलटी दिसते. त्याने बराच वेळ पाहिले.

"धूर सापडला," तो म्हणाला.

मला वाटते, असे वऱ्हाडात आजवर कोणी केले नसेल. पाटलांना आभाळ देता येईल.

सुभद्राची बोटे चांदीच्या पाण्याने माझ्यापेक्षा काळी झाली आहेत. तिला नीट धुता येत नाहीत.


भाद्रपद वद्य ३

बाकी कामे ठेवून हे लिहितो.

सकाळी पश्चिमेच्या कड्यावर होतो. सूर्य पाठीशी नुकताच वर आलेला. खाली दरी ढगाने काठोकाठ भरलेली. त्या ढगावर आमच्या तिघांच्या सावल्या पडल्या होत्या, लांबट, कड्याला टेकलेल्या. आणि माझ्या सावलीच्या डोक्याभोवती खळे होते. चंद्राला पडते तसे, पण रंगीत. आत पिवळे, कडेला तांबडे, बाहेर पुन्हा एक फिकट.

फक्त माझ्या डोक्याभोवती. शेजारी नत्थुजीची सावली, पलीकडे सुभद्राची. दोन्ही कोरड्या.

मी हात वर केला. सावलीने हात वर केला. दोन पावले डावीकडे गेलो. खळे माझ्याबरोबर आले.

माझा बाप फुले विकत असे. माझ्या आज्याने शेण वाहिले. मी फार धर्म केलेला नाही, पण कोणाचे वाईटही केले नाही. तीस मुलांना वाचायला शिकवले. हे कशाबद्दल मिळाले ते कळत नाही. पण मिळाले आहे.

नत्थुजीला विचारले, दिसते का. तो म्हणाला, "खयं? ते तं माह्या डोक्याभोवती पडते. तीस वर्सं पाहून राहिलो."

मी म्हटले, नीट पाहा, ते माझ्या डोक्याभोवती आहे.

"म्हशीच्याही डोक्याभोवती पडत असन," तो म्हणाला. "मी तिले इचारलं नाई."

माणूस चांगला आहे, पण दुसऱ्याचे मोठेपण त्याला सोसत नाही.

सुभद्राला विचारले, "तुला दिसले ना?"

"दिसलं."

"कोणाच्या डोक्याभोवती?"

तिने पदर नीट केला. "तुमी म्हणता तसं," ती म्हणाली.


भाद्रपद वद्य ४

पाटलांना पत्र पाठवले. आभाळ सापडले हे लिहिले. खळ्याचेही लिहिले, कोणाच्या डोक्याभोवती तेही. बढाई वाटू नये म्हणून थोडक्यात लिहिले.


भाद्रपद वद्य ११

खळे आणखी दोनदा आले. दोन्ही वेळा काच तयार होईपर्यंत ढग फाटला. शिवाय एक अडचण आहे. मी पेटीमागे असलो तर माझी सावली कापडाच्या गाठोड्यासारखी पडते. मला बाजूला, कड्याच्या टोकावर ताठ उभे राहायला हवे. तेव्हा झाकण कोण काढणार?

सुभद्राला तीन मोजायला शिकवले. तिला येत होते.


आश्विन शुद्ध १

पाटलांचे उत्तर. ते स्वतः येत आहेत. लिहिले आहे की खळे खर्चाशिवाय पडत नसेल तर खर्च कोणाचा आहे हे खळ्यालाही ठाऊक असले पाहिजे. दसऱ्याला दिवाणखान्यात जी छबी लागेल तिच्यात ते खुशालरावांच्या डोक्याभोवती हवे.

असे सांगून ते येत नाही. पण मी हे कसे लिहिणार?


आश्विन शुद्ध ४

पाटील आले. मेण्यातून. बरोबर नवी जरीची पगडी, खास छबीसाठी. पेटी त्यांच्या मालकीची, म्हणून तिच्यावर हात फिरवून पाहिला. सुभद्राची काळी बोटे पाहून म्हणाले, "मास्तर, बाईले कोयशाच्या धंद्यात घातलं काय?"


आश्विन शुद्ध ५

सगळे क्रमाने लिहितो.

सूर्य वर आला तेव्हा दरी भरलेली होती. मी आणि पाटील कड्याच्या टोकावर उभे राहिलो, आमच्यात चार हात अंतर. पेटी आमच्या डाव्या हाताला वीस पावलांवर. सुभद्रा राहुटीतून ओली काच घेऊन आली, पेटीत बसवली, झाकणावर हात ठेवून पेटीशी वाकून उभी राहिली.

खळे आले. मी पाहिले. माझ्याच डोक्याभोवती.

पाटील हलक्या आवाजात म्हणाले, "आलं. माह्या डोक्यावर आलं, मास्तर."

मी म्हटले, "पाटील, ते माझ्या डोक्यावर आहे."

"तुमाले डोये हायेत काय?"

"आहेत. म्हणूनच सांगतो."

ते माझ्याकडे पाहायला वळले असते तर पगडी हलली असती, म्हणून वळले नाहीत. समोर ढगाकडे पाहतच म्हणाले, की काच काय ते सांगेल. मी म्हटले, काच खोटे बोलत नाही. मला खात्री होती. त्यांची दया येत होती.

मी हात वर केला, ती खूण होती. सुभद्राने झाकण काढले, तीन मोजले, लावले.

राहुटीत आम्ही तिघे. खिडकीच्या पिवळ्या कापडातून उजेड. तिने पाणी फिरवले. ढग आला. मग खळे आले, रंग नाही पण दोन्ही वलये स्पष्ट, बांगडीत बांगडी असावी तशी. बाहेर आणून काळ्या घोंगडीवर काच धरली.

खळ्याच्या मधोमध पेटी होती, तीन पायांवर. आणि पेटीला टेकलेले एक डोके, त्यावर पदर, झाकण धरलेला हात.

कडेला, दूर, दोन माणसांच्या सावल्या. एकीला पगडी, एकीचा हात वर. दोन्ही कोरड्या.

नत्थुजी म्हशी सोडून पाहायला आला होता. तो म्हणाला, "ज्याले इचारलं नाई, त्याचं नाव निघालं."


त्याच दिवशी, दुपारी

पाटलांनी मला कडेला बोलावले. रागावलेले नव्हते, विचार केलेला दिसत होता. म्हणाले, असे आभाळ त्यांनी मुंबईलाही पाहिले नाही. ते दिवाणखान्यात लागलेच पाहिजे. मग आवाज खाली आणला.

"सावलीले तोंड कुठं असते? खाली माहं नाव टाका. पेटी तुमच्यापाशीच राहीन. मरेपर्यंत."

मी म्हटले, डोक्यावर पदर आहे.

"पदर म्हणून कोण पाहून राहिलं? शेला हाये म्हणू."

संध्याकाळपर्यंत सांगतो म्हटले.

सुभद्रा ओढ्यावर बाटल्या धूत होती. मी तिला विचारले, त्या पहिल्या सकाळी तिला खळे कुठे दिसले होते.

"माह्या डोक्याभोवती."

"आणि नंतर?"

"दर खेपेले."

"मग सांगितले का नाहीस?"

ती बाटली उलटी करून निथळवत राहिली. "तुमी इतके खुश होते," ती म्हणाली.

मग मला उमजले, फार उशिरा. ज्याचा डोळा त्याचे खळे. नत्थुजीला त्याचे, पाटलाला त्याचे, मला माझे. कोणी खोटे बोलत नव्हते. पण पेटीलाही डोळा आहे, तिने आपले खळे पाहिले, आणि त्या वेळी त्या डोळ्याशी सुभद्रा होती. मी नव्हतो. मी तिथून वीस पावले दूर हात वर करून उभा होतो.

मग ही वही पहिल्यापासून वाचली. कलोडियन कोणी ओतले, ढगाला चटका कमी द्यायचे कोणी सुचवले. माझ्याच हाताने सगळे लिहिलेले आहे.

छावणीतला साहेब, शाळा, दोन्ही डोळ्यांपुढे होते. पेटी मला हवी होती. ती मला किती हवी होती हे लिहीत नाही.

माळा गुंफायची तिची सुई घेतली. काचेच्या पापुद्र्यावर, खालच्या कोपऱ्यात, उलटी अक्षरे कोरली, म्हणजे कागदावर सुलटी उमटतील. अक्षरे शिकवण्यात माझी दहा वर्षे गेली, पण तीन अक्षरांना इतका वेळ कधी लागला नव्हता. मग वरून रोगण चढवले. आता ते पुसता येत नाही.

"काय लिवलं?" तिने विचारले. तिला वाचता येत नाही.

"सुभद्रा," मी म्हटले.

तिने काच हातात घेतली, काठ धरून, बोट न लावता. बराच वेळ पाहिली. म्हणाली, "डावीकडच्या कोपऱ्यात थोडं पातळ झालं."


आश्विन शुद्ध ६

पाटील पेटी घेऊन गेले. काचा, बाटल्या, राहुटी, सगळे. कोरलेली काच पाहिली तेव्हा एवढेच म्हणाले, "मास्तर, तुमी पाटलाले आभाय दाखवलं अन् नाव बायकोचं टाकलं." काच मात्र मागितली नाही. त्यांना ती घरात नको होती.

निघताना नत्थुजीने लोटाभर दूध दिले. सुभद्राला दिले, मला नाही.


आश्विन शुद्ध १०. अकोला

दसरा. काच सोबत होती, थोडा कागदही उरला होता. छतावर उन्हात धरून दोन छब्या उतरवल्या. एक वलगावला पाठवली. आभाळ दसऱ्यापर्यंत देईन असे म्हटले होते. दिले.

दुसरी घरात लावली. शेजारी शेषराव आले, त्यांनी नाव वाचले आणि विचारले, ही कोण सुभद्रा? मी म्हटले, आमच्याच घरातली. चुलीकडून भांड्याचा आवाज थांबला.

मोठ्याने बोललो होतो. पुन्हा एकदा, आणखी मोठ्याने, सांगितले.


आश्विन वद्य ४

शाळा. माझी बोटे उजळली. तिची अजून काळी. विहिरीवर बायका विचारतात, कसला रोग आहे. ती सांगते, चांदीचा.


आश्विन वद्य १०

सकाळी दाराशी वलगावची गाडी. गाडीत गवतावर पेटी. गाडीवान महादेवराव, पाटलांचा जुना माणूस. त्याने बैलही सोडले नाहीत.

साहेबाने पेटी पाहिली, पण त्याच्याकडे याहून नवी होती. पाटलांनी स्वतः काच करून पाहिली, तिच्यावर त्यांची मिशी कलोडियनला टेकली त्याचीच खूण राहिली. हे सगळे त्याने तोंडभर हसत सांगितले. मग निरोप सांगितला.

"बुढीनं, पाटलाच्या मायनं, ती छबी पायली. नाव वाचून घेतलं. म्हणते, बाई काढत असन तं मी बसतो. सुना बी बसतीन. बाईले घेऊन ये."

मी विचारले, आणि मला?

"पाटील म्हणे, मास्तरले म्हणा पाणी आणाले या."

सुभद्रा आतून आली. हात पुसत होती. तिने आधी गाडीतली काचांची पेटी उघडून पाहिली, मग मला विचारले, शाळेचे काय. मी म्हटले, रजा मागेन. लागली तर कायमची मागेन.


आश्विन वद्य १२. वलगाव

माणिकबाई अंगणात पाटावर बसल्या, नऊवारी नवे, नथ जुनी. मागे दोन सुना. पुरुषांना बाहेर काढले होते. मला ठेवले, पण भिंतीकडे तोंड करून. सुभद्राने डोक्यावर काळे कापड घेतले तेव्हा माणिकबाई म्हणाल्या, "पाय बाई, नीट पाय. तोंडावर लई वर्सं हायेत, सगळी आली पाहिजेन."

सगळी आली. मी काच नंतर पाहिली. प्रत्येक सुरकुती, आणि सुनांच्या मागे, तुळशीवर, आभाळाचा एक तुकडा. पाटील तो पाहून गेले. जेवायला पाट दोन मांडले, एक आत, एक बाहेर. आतला तिचा.

काचा धुवायला पेढी नदीवरून, पायऱ्या चढून, सहा घागरी पाणी आणले. वाटेत एक थेंब सांडला नाही. कोणी पाहिले नाही, म्हणून इथे लिहून ठेवतो.